डिनर म्हणजे दुपारचं

रायगेट, सरे
१२ सप्टेंबर १९७७

प्रिय एनिड हिला डॅफ्नीचा स. न. वि. वि.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. विल्फला ऑक्टोबरात चार दिवस सुट्टी मिळतेय. दरवर्षी आम्ही दक्षिणेच्या समुद्रावर जातो आणि दरवर्षी तिथं पाऊस पडतो. यंदा मीच म्हटलं, तुझ्या गावाला जाऊ या. लग्नाला नऊ वर्षं होत आली तरी नवऱ्याचं गाव मी धड पाहिलेलं नाही, हे चारचौघांत सांगायलाही बरं वाटत नाही. तो हो म्हणेना, नाही म्हणेना. शेवटी म्हणाला, यॉर्कमध्ये बघण्यासारखं आहे काय?

म्हणून त्याची बहीण या नात्यानं तुम्हालाच विचारते. यॉर्कला का यावं याची चांगली चार कारणं मला लिहून कळवाल का? मी ती त्याच्यापुढं ठेवीन. मिन्स्टरचं मोठं चर्च आहेच. जुन्या तटबंदीवरून गावाभोवती फिरता येतं म्हणे, आणि आगगाड्यांचं नवं संग्रहालय उघडलंय असंही वाचलं. एक दिवस मूरच्या माळावर जावं, एक दिवस व्हिटबीच्या बंदरावर, असं माझ्या मनात आहे. तटाजवळच्या हॉटेलात खोली मिळतेय, तेव्हा तुम्हाला कुणाला आमचा त्रास होणार नाही.

आईंना माझा नमस्कार सांगा, त्यांना चालणार असेल तर.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.
डॅफ्नी


यॉर्क
१६ सप्टेंबर

आमच्या विल्फला,

आशीर्वाद देण्याइतकी मी तुझ्याहून मोठी आहे, पण आज देत नाही.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. उत्तर तुला लिहितेय, कारण तिला लिहायला बसले तर कागद फाटेल. यॉर्कला यायची कारणं हवीत तिला! वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू या घरात वरच्या खोलीत जन्मलास, कारखान्यातल्या चॉकलेटचा वास नाकात घेऊन शाळेत गेलास, आणि आता विचारतोस इथं बघण्यासारखं काय आहे? वर हॉटेलात उतरणार, म्हणजे आम्हाला त्रास नको. केवढे उपकार!

तर घे कारणं. मिन्स्टर सातशे वर्षं उभं आहे, ते अजून थांबेल. तटही कुठं पळून जात नाही. मूरवरच्या हेदरचा जांभळा फुलोरा ऑगस्टमध्येच सरला, तो तुमचा हुकलाच. संग्रहालयात बाबांच्या आगगाडीच्या कारखान्यातले जुने डबे आणून ठेवलेत, त्यातल्या एखाद्यावर त्यांच्या हातचा रंग असेलही. पण ज्याला उशीर होऊन चालणार नाही असं कारण एकच आहे आणि ते आपल्या मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढून बसलंय. आईचे डोळे चाललेत, विल्फ. डॉक्टर म्हणाले, उपाय नाही, नाताळपर्यंत जेवढं दिसेल तेवढं दिसेल. तिनं तुला कळवू नको म्हणून सांगितलंय. मी कळवतेय. कुणाला बघायचंय का असं मी तिला विचारलं, तर म्हणाली, कोळसेवाल्याला बघायचंय, मागच्या वेळी त्यानं ओला कोळसा टाकला.

तो रविवार मी विसरलेले नाही. तुमच्या लग्नाला आम्हाला येता आलं नव्हतं, बाबा अंथरुणाला खिळलेले. मग ते गेले, आणि त्याच वर्षीच्या शरदात आईनं तुम्हा दोघांना रविवारी डिनरला बोलावलं. सून पहिल्यांदाच घरी येणार म्हणून तिनं ठेवणीतला टेबलक्लॉथ काढला. बारा वाजता मांस तयार होतं. मांसाबरोबर खायच्या पुडिंगचं पीठ भिजवून ठेवलेलं, तुमची पावलं वाजली की ओव्हनमध्ये सरकवायचं म्हणून. एक वाजला, दोन वाजले. तीनला तिनं ते पीठ मोरीत ओतलं. आणि तुम्ही उगवलात संध्याकाळी सातला, हातात फुलं घेऊन. तेही पुढच्या दाराशी! बाबांची शवपेटी गेली त्यानंतर ते दार कुणी उघडलं नव्हतं. ती थाप ऐकून आई खुर्चीत कशी ताठ झाली ते मी पाहिलंय. मी खांदा लावून दार उघडलं तर तू उंबऱ्यात परक्यासारखा टोपी हातात धरून उभा. ती म्हणाली, डिनर झालं, आणि जिना चढून निघून गेली. दुसरं काय करायला हवं होतं तिनं?

तुझ्या बायकोला आपलं घर कमी वाटलं असेल, मला त्याचं नवल नाही. पण तू या घरचा आहेस. आता आलास तर आईसाठी ये, नाहीतर येऊच नको.

लोभाचं तुझं तू बघ.
एनिड

ता. क. सरकारनं परगण्यांची नावं बदलली, तरी आई अजूनही पाकिटावर जुनंच नाव घालायला लावते. नवी नावं सरकारनं स्वतःच्या घरी वापरावीत म्हणते. तिचा स्वभाव तसाच आहे, एवढंच सांगायचं होतं.


लंडन, ऑफिसातून
२१ सप्टेंबर

एनिड, स. न.

यापुढं मला लिहायचं असेल तर या पत्त्यावर लिही, घरी नको. तुझं पत्र डॅफ्नीच्या हाती लागलं नाही हे नशीब.

सारा दोष माझ्या माथी मारून तू मोकळी झालीस. आईनं माझ्या बायकोला बस म्हटलं नाही, प्यायला पाणी दिलं नाही. आम्ही ओट्यावर उभे असताना माझ्यासाठी झाकून ठेवलेली थाळी तू शेजारच्या कुत्र्यापुढं रिकामी केलीस, तेही विसरली नसशीलच. डॅफ्नी त्या रात्री हॉटेलात रडली. आपलं दक्षिणेकडचं बोलणं आईच्या डोक्यात गेलं, अशी तिची समजूत झाली. ती समजूत आजही आहे आणि आहे तशीच राहिलेली बरी.

तुम्हाला वाटतं मी मुद्दाम केलं. तू लिहिलेलं आमंत्रण तिनं वाचलं आणि लगेच ठरवलं, डिनर म्हणजे सात वाजता, तेव्हा दुपारच्या गाडीनं निघालं तरी चालेल. तिच्याकडं दुपारी लंच असतं आणि रात्री डिनर. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. एका डॉक्टरच्या मुलीला मी काय सांगणार होतो, की आमच्या घरी डिनर दुपारी असतं, संध्याकाळच्या जेवणाला आम्ही टी म्हणतो आणि घरात मागच्या दारानं शिरतो? तिनं पुढचं दार वाजवलं, मी वाजवू दिलं. माणूस राहतो तिथल्यासारखा वागतो. त्यासाठी आठ वर्षं शिक्षा भोगायची नसते.

आईच्या डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. पण ज्या घरातून मला हाकललं तिथं मी आपण होऊन जाणार नाही. आईनं बोलवावं. ऑक्टोबरचा बेत मी रद्द करतोय.

तब्येतीला जप.
विल्फ


यॉर्क
२४ सप्टेंबर

प्रिय डॅफ्नी हिला एनिडचा सप्रेम नमस्कार वि. वि.

सप्रेम हा शब्द मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहितेय. इतकी वर्षं मी तुमच्यावर धुमसत होते, आणि परवा मला कळलं की भलत्याच माणसावर धुमसत होते. विल्फचं पत्र सोबत जोडलंय. ते मी तुम्हाला दाखवू नये अशी त्याची इच्छा आहे. तो लहान असताना त्याच्या इच्छा मी खूप पुरवल्या.

आमच्याकडं डिनर म्हणजे दुपारचं. बारा वाजता. आई तुमच्या बोलण्यावर रागावली नव्हती, तुम्ही तोवर एक शब्दही बोलला नव्हतात. आमची समजूत झाली की आमच्या ताटावर बसायची तुम्हाला लाज वाटली आणि तुम्ही फक्त तोंड दाखवायला आलात. कुत्र्याला थाळी घातली ती मी, आईनं नाही. त्या कुत्र्याला ती थाळी पचली नाही, एवढं सांगते.

आईला तुमचं आणि विल्फचं, दोन्ही पत्रं वाचून दाखवली. विल्फचं तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, पोरीला कुणी सांगितलंच नाही का गं? आणि विल्फवर अशी काही कडाडली की शेजारीण भिंतीवर ठोकायला लागली.

यॉर्कला यायचं कारण हवं होतं ना? रविवारी, सोळा ऑक्टोबरला डिनर आहे. यावंसं वाटलं तर या.

तुमची माफी वगैरे नंतर मागीन, आता डोकं फार तापलंय.
एनिड


रायगेट
१ ऑक्टोबर

प्रिय एनिड, सप्रेम नमस्कार.

तुमचं पाकीट मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि हातातला कप बशीसकट मोरीत आपटला. लग्नात आलेला होता, गेला.

आठ वर्षं, एनिड! दर नाताळला मी तुमच्या आईंना कार्ड लिहायला बसले की आधी शब्द निवडत बसायची, की यात तरी आपलं काही चुकायला नको. उत्तर आलं नाही की वाटायचं, चुकलंच. एकदा मी बोलण्याची ढब बदलायचा प्रयत्नही केला, आरशासमोर उभी राहून, तुमच्यासारखे स्वर काढत. विल्फनं ते ऐकलं होतं. तो हसला. हसला, आणि तरीही एक शब्द बोलला नाही! या गोष्टीचा मला जेवढा संताप आलाय तेवढा डिनरचा नाही.

मी त्याला विचारलं, तुला घराची लाज वाटत होती की माझी? तो म्हणाला, आईनं बोलवायला हवं. मी म्हटलं, तुझ्या आईनं आठ वर्षांपूर्वी बोलावलं होतं, बारा वाजता, तू अजून पोचायचा आहेस. त्यानंतर आमचं बोलणं बंद आहे. त्याला अंडं उकडता येत नाही हे त्याला आता कळतंय.

हॉटेलातली खोली मी ठेवलीय. शनिवारी येते आणि रविवारी बारा वाजता तुमच्याकडं. दुपारच्या गाडीनं परतावं लागेल, सोमवारी शाळेत माझे वर्ग आहेत. मी एकटीच येईन असं धरा. मागचं दार कुठल्या बोळातून लागतं तेवढं कळवा.

लोभ होताच, तो चुकीच्या पत्त्यावर पडून होता असं समजू या.
डॅफ्नी


यॉर्क
१७ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय डॅफ्नी,

अनेक आशीर्वाद. काल तू निघताना मी तुला अगं म्हटलं, तुला ते खटकलं नाही, तेव्हा आता तेच चालू ठेवते.

तू पोचली असशील आणि घर रिकामं बघून घाबरली असशील. घाबरू नको, तो इथं आहे. तुझी गाडी दक्षिणेला जात होती तेव्हा त्याची उत्तरेला येत होती, वाटेत कुठंतरी तुम्ही एकमेकांना ओलांडलंत.

तू गेल्यावर आईनं एक थाळी वाढायला लावली. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेव, वर झाकण घाल, म्हणाली. मी चिडले. मी म्हटलं, तो येणार नाही, दर घटकेला पातेल्यात पाणी कोण ओतत बसणार? ती म्हणाली, तो सातला येतो. मी बडबड करत पाणी ओतत राहिले. आणि सात वाजून गेल्यावर मागच्या दाराची कडी वाजली.

काय बोलायचं ते मी आठ वर्षं घोकून ठेवलं होतं. सगळं बोलले. तो ओला ओव्हरकोट घालून ऐकत उभा होता. आई मध्येच म्हणाली, एनिड, पोराला जेवू दे, मग ओरड. पुडिंग वाळून चामडं झालेलं, ग्रेव्हीवर साय धरलेली. त्यानं सगळं खाल्लं. आई म्हणाली, उशीर केलास. तो म्हणाला, हो. दोघांचं एवढंच बोलणं झालं. दिव्याच्या उजेडात आईला आता काही म्हणजे काही दिसत नाही. समोर कोण बसलंय ते तिला फक्त चावण्याच्या आवाजावरून कळत होतं.

जेवण होताच त्यानं सांगितलं की पहाटेची गाडी धरायची आहे, दहाला ऑफिसात मीटिंग आहे. मी मागच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. पुढचं दार फुगलंय हे त्याला माहीत आहे. तो चिडला, तू मला अजून लहान समजतेस म्हणाला. मी म्हटलं, उजाडू दे, मग तुला मोठा समजते.

सकाळी ऊन खिडकीत आल्यावर त्याला आईसमोर स्टुलावर बसवलं. थोड्या वेळानं तो उठून स्वयंपाकघरात माझ्याकडं आला. म्हणाला, ती अजून माझ्याकडं बघत नाही, एनिड. भिंतीकडं तोंड करून बसलीय, मी जातो. आता तुला काल मी सांगितलं होतं, तिला समोरचं दिसत नाही, मधोमध काळा डाग आहे, कडेकडेचं तेवढं दिसतं. चेहरा बघायचा तर तिला कानाकडं बघावं लागतं. ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मी सांगितलं नव्हतं. मी त्याच्या दंडाला धरून परत नेलं आणि खसकन स्टुलावर बसवलं. म्हटलं, गाढवा, ती तुलाच बघतेय, हलू नको.

मग तो हलला नाही. आई त्याच्या कानापलीकडं बघत होती, खूप वेळ. मग हात लावून म्हणाली, केस गेले की रे सगळे, अगदी बाबांसारखे. आणि तुझी बायको चांगली आहे, काल दोन पुडिंगं खाल्ली तिनं. तो रडायला लागला तसं तिनं त्याला दटावलं, की रडलास तर तोंड वाकडं होतं, मला नीट दिसत नाही.

किल्ली मी टेबलावर ठेवलीय. गाडी केव्हाच गेली, त्यानं विचारलंही नाही. हे लिहितेय तेव्हा तो आईला पेपर वाचून दाखवतोय आणि ती त्याचे दक्षिणेकडचे उच्चार सुधारतेय. मी बटाटे सोलायला घेतलेत. त्याला सांगितलंय, डिनर करूनच जायचं. कितीला, हे त्यानं विचारलं नाही.

माझा राग अजून आहे. तुझाही असू दे, त्याला एवढ्यात सोडू नको. पण नाताळला दोघं मिळून या, हॉटेल नको. उन्हाचं या, म्हणजे आईला तुम्ही एकत्र बसलेले दिसाल.

तुझा लोभ आता इथंच ठेवून घेतलाय, मागितलास तरी परत मिळायचा नाही.
एनिड

ता. क. बाराला दहा कमी असताना तो मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. मी विचारलं, काय करतोयस? म्हणाला, आत यायचंय. बरोबर बाराला त्यानं कडी वाजवली, आणि आईनं पुडिंग ओव्हनमध्ये सरकवायला सांगितलं.