मास्तरांचे गरम तळवे

२ मार्च
आले एकदाची! खोली शिवणखान्याच्या अगदी वर, जिना उतरला की काम. टेबलावर खिडकीचा छान उजेड येतो, फक्त खुर्चीत बसलं की दाराकडे पाठ होते. बोटांतल्या संधिवाताचं मास्तरांना आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, काजं हळू झाली तरी चालतील, वेडीवाकडी नकोत. माणूस लाखमोलाचा. मशिनींच्या खडखडाटाने कान मात्र पार गेलेत. समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून ओळखतात, पाठीमागून कितीही बोंबला.

काम सुटलं की सगळ्यांची मान मोडून देतात. मागे उभे राहतात, तळवे खसाखसा चोळून गरम करतात, हनुवटी धरतात आणि एक झटका. कडाक्! मीही हौसेने स्टुलावर बसले. इतकं हलकं वाटलं की फोनवर ताईला तेच कौतुक सांगत बसले.

९ मार्च
सुईत दोरा ओवायला मान वाकवली आणि पाठीतून थेट पायांपर्यंत झिणझिणी गेली. विजेचा धक्काच! इस्त्रीची वायर तपासली, धड होती. मान आखडली असेल म्हणून मास्तरांकडून पुन्हा मोडून घेतली. त्यांनी आज जरा जोर लावला.

१५ मार्च
बटणं हातातून निसटतात. बोटांना सूज नाही, तरी चिमटीत बटण आहे की नाही ते बघावं लागतं. कामावरच्या पोरी हसून विचारतात, लक्ष कुठे आहे बाई तुझं? मीही हसले. पण जिना उतरताना पाय कापसावर पडतात. मनातून टरकलेय. हे हात गेले तर मी करू काय?

१९ मार्च
डॉक्टरीणबाईंनी गुडघे ठोकून पाहिले. पाय उडाले. त्या हसल्या नाहीत. मानेचा एक्स-रे काढला. बोटांच्या दुखण्यात मानेचं काय काम?

२० मार्च
डॉक्टरीणबाईंचा फोन. संधिवात मानेतही मुरलाय. वरचे दोन मणके सैल झालेत, आतला मज्जारज्जू चिरडतोय. म्हणाल्या, आहात तिथेच ताठ बसा, अँब्युलन्स निघालीय. मानेला कुणाचा हात लागू देऊ नका. एक झटका बसला तर हातपाय जातील, श्वासही —

ताईला फोन लावला. मानेचं काहीतरी झालंय, एवढंच बोलून रडू आलं. ती म्हणाली, रडू नकोस, खाली शिवणखान्यात फोन करून तुझ्या त्या मास्तरांनाच मान मोडायला वर पाठवायला सांगते. नको म्हणेपर्यंत तिने ठेवलासुद्धा. फोन बोटांतून सुटला. टेबलाखाली. वाकता येत नाही.

पेन्सिल मुठीत धरून लिहितेय. भीती वाटतेय. ताई, मला फार भीती —

जिन्यावर पावलं. जड. अँब्युलन्सवाले असू देत —

एकटाच माणूस. खोकला — मास्तरांचा

ओरडतेय. त्यांना कुठलं ऐकू — वळू कशी — पाय माझे नाहीतच

वही उंच धरीन — हात वर जात

दार उघडलं

तळवे चोळतायत

मास्तर समोर या समो