कम्प्युटर म्हातारा नाही

८ जानेवारी, बुधवार
आज पुन्हा तेच! ‘कार्यालय’ टाइप केलं, उठून कुकर बंद केला, परत आले तेव्हा कुठे ‘का’ उमटत होतं. बावीस दिवसांवर टायपिंगची चाचणी. लेखी पास झालेय. मिनिटाला तीस शब्द जमले की लिपिकाची नोकरी. आणि हा कम्प्युटरचा डबा असा!
रजत म्हणाला, “म्हातारा झाला तो. कायले जीव काढून राह्यली? पुढच्या वर्षी देजो.”
पुढच्या वर्षी माझं वय निघून जातं. नवऱ्याला हे माहीत नाही?
नाही थांबणार मी.

९ जानेवारी
सुरू होतानाच आपोआप उघडणारे अकरा प्रोग्राम बंद केले. लग्नांचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर. नको ते सगळं उडवलं.
पाच मिनिटांऐवजी चार मिनिटांत सुरू होतो. बास, एवढंच.

११ जानेवारी
अंगणात नेऊन डबा उघडला. सासूबाई ओरडल्या, “शॉक लागन तुले!”
“वायर काढली आहे, आई.”
पंख्यात कापूस — दिग्रसात दुसरं काय निघणार! रंगाच्या ब्रशने सगळा झाडला. घरघर थांबली. वेग तोच. रडू आलं, पण रडले नाही.

१४ जानेवारी
सकाळीच फुलचंदला फोन. दुरुस्तीवाला तोच, डबाही त्यानेच जोडून दिलेला.
“ताई, रॅमच्या दोन पट्ट्या बसोल्या होत्या म्या. दोन्ही हायेत ना?”
पाहिलं. एकच. शेजारची खाच रिकामी.
रजतला विचारलं, “दुसरी रॅम कुठे गेली?”
“मले काय माहीत!” मान वर न करता. रॅम म्हणजे काय, हेसुद्धा विचारलं नाही.

१५ जानेवारी
तीळगुळाचा डबा पुढे करून सासूबाई हळूच म्हणाल्या, “त्यानंच काढली. दिवाळीनंतर. म्या पाह्यलं, अन् चूप राह्यली.”
जेवताना रजतला सरळ विचारलं — काहून काढली?
भाकरी तोडत राहिला. मग म्हणाला, “तू पास झाली त कोठीबी टाकतीन तुले. मंग घर कोन पाहीन?”
दोन महिने! दोन महिने मी स्वतःच्या बोटांना दोष देत होते. माझीच बोटं जड आहेत, वय झालं, असं म्हणत होते!
“घर दोघांचं आहे,” एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले.

१६ जानेवारी
फुलचंदच्या दुकानातून पट्टी आणली. स्वतः बसवली. दोन्ही बाजूंनी दाबली — कट्!
अक्षरं बोटाबरोबर पळतात! एकतीस शब्द.
रजत दारात उभा होता. मी थांबले नाही. बत्तीस.

२९ जानेवारी
उद्या यवतमाळ. “मी येऊ का संगं?” — रजत.
नको. एकटी जाणार. सकाळची एसटी.

३० जानेवारी
चौतीस!!

१८ मार्च
नेमणुकीची ऑर्डर आली. झरी जामणी. रजत म्हणाला, “एवढ्या दूर? नाही म्हून सांग.” मी बॅग काढायला आत गेले, तर सासूबाई पलंगावर लुगड्यांच्या घड्या घालत बसलेल्या. “तुह्यासंगं माहीबी बॅग भरून राह्यली,” म्हणाल्या. “घर पाहीन आता तो.”