जावेचा नवरा जगला

मी, मालट्रक चालवणाऱ्याची विधवा, पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवून पोट भरणारी, वय एकसष्ट, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी कानाशी लागलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. राहत्या दोन खोल्या दिराच्या मुलीला, माझ्या पुतणीला मिळाव्यात. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या जावेचा, त्यांवर काडीचाही हक्क नाही.

कारण लिहिते. नवरा आणि दीर दोघेही ट्रकवर होते, दोघांनाही एचआयव्ही झाला. नवऱ्याला आधी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हा विषाणू चिंपांझींमधून माणसात आला; शरीराचा पहारा करणाऱ्या पेशींतच शिरतो आणि तिथेच आपल्या प्रती काढतो. गल्लीच्या लेखी मात्र ते पापाचं फळ. नवरा गेला आणि पुढच्याच वर्षी दवाखान्यात तीन औषधं एकत्र द्यायला लागले. काठीसारखा झालेला दीर उठून बसला. लागण मलाही होती; मीही त्याच औषधांवर तगले. जावेला नवरा मिळाला, मला गोळ्या.

२. शिलाई मशीन शेजारच्या इस्त्रीवालीला. नवऱ्याच्या आजारपणात जाऊ उंबऱ्यावरून डबा सरकवून परत फिरायची. ही आत येऊन त्याची पाठ पुसायची.

३. नवऱ्याचा लोकरी कोट दिराला, पण माझ्यामागे. त्याच्या अंगावर तो अगदी मापात बसेल, हे मला जिवंतपणी बघवणार नाही.

४. जावेला काही नाही. औषधांनी दिराच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला, मग डॉक्टरीणबाईंना विचारून त्यांनी मूल होऊ दिलं. निरोगी मुलगी झाली. तिला घेऊन जाऊ माझ्या दारी आली, म्हणाली, "जाऊबाई, माझा नवरा जगला यात माझा काय गुन्हा?"

मी म्हणाले, "काहीच नाही. म्हणून तर राग जात नाही."

ती रडली नाही. आत आली, पोर माझ्या मांडीवर ठेवली. तेव्हापासून पोर माझ्याच घरी वाढली. मला 'मोठी आई' म्हणते. जावेला ते खुपतं. खुपू दे.

५. माझं शेवटचं सगळं पुतणीने करावं. जाऊ आली तर अडवू नये. मात्र तिथे तिने नवऱ्याचा हात धरून उभं राहू नये. तेवढं माझ्यासमोर नको.

ठिकाण: राहती खोली, खिडकीजवळ
दिनांक: १४ मार्च २०१९
लिहून ठेवणारीची सही

आमच्यादेखत सही केली:
१. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही)
२. शेजारचा कुलूपवाला (सही)