चोवीसपैकी सहा

प्रिय ठमाबाई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघालाय, पुढच्या महिन्यात काढतील. पण तपासणीत जे कळलं, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

कागदावर ६/२४ बघून मी म्हटलं, चोवीसपैकी सहा, म्हणजे नापासच की! तपासणारी मुलगी तुझ्याच वयाची. खो खो हसली आणि मला बाहेरच्या लांबलचक बोळात घेऊन गेली. टोकाला तक्ता टांगला, त्यातलं एक अक्षर दाखवलं, आणि स्वतः चोवीस मीटर मागे जाऊन ते सहज वाचलं. मग माझा उजवा डोळा झाकून मला तिथे उभं केलं. मला नुसता पांढरा कागद. चालत राहा, म्हणाली, दिसलं की थांबा. फरश्या अर्ध्या मीटरच्या. मास्तरकीच्या सवयीने मोजत गेलो. अक्षर दिसलं तेव्हा तक्त्यापर्यंत बाराच फरश्या उरल्या होत्या. सहा मीटर!

गुण नव्हतेच गं ते. निरोगी डोळ्याला जे चोवीस मीटरवरून दिसतं, ते बघायला मला सहावर यावं लागतं. अक्षर तेच, फक्त चालायचं अंतर वेगळं. जन्मभर वाळू-सिमेंटची गुणोत्तरं शिकवली. पण एका माणसाला किती जवळ येऊ द्यायला हवं, हेही गुणोत्तर सांगतं, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळावं? किती सुंदर आहे हे! दोन दिवस मी येईल त्याला धरून तेच समजावत होतो. दूधवालासुद्धा सुटला नाही.

मग तुझ्या सहावीच्या वह्या काढल्या. तू उंच, म्हणून मी तुला माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसवलं होतं. फळ्यावरचा ९ तू वहीत १ उतरवायचीस. पुढची रीत बिनचूक, आणि त्यावर माझं लाल शून्य. एका वहीत शाळेतल्या डोळेतपासणीची चिठ्ठी सापडली. ६/२४. चाचण्यांच्या गठ्ठ्यात आली असणार. वरचा मजकूर न वाचताच मी सही ठोकली होती आणि शेरा मारला होता, 'अजिबात लक्ष देत नाही.' तू काहीतरी सांगायला तोंड उघडलंस, तर मी तुला गप्प केलं. कॉलेजात स्वतःच चष्मा करून आलीस, तेव्हाही मी थट्टाच केली.

काल टेप घेऊन शाळेत गेलो. शेवटच्या बाकापासून फळा बरोबर सहा मीटर. इतरांना तिथून जे दिसायचं, त्यासाठी तुला दीड मीटरवर बसायला हवं होतं. तेही मोजलं. तिथे माझं टेबल आहे. अजूनही तू चारचौघांत हसत सांगतेस, बाबा गणिताचे मास्तर आणि मी ढ. हे पत्र एवढ्यासाठीच, की यापुढे तसं म्हणू नकोस. गणित तुझं कच्चं नव्हतं, माझं होतं. मला माफ कर. वहीतली शून्यं मी खोडली आहेत. पट्टी सुटेल त्या दिवशी ये, आणि दीड मीटरच्या आत बस.

तुझाच,
ढ बाबा