चांद्याला दोघंच

साकोली,
मंगळवार, २२ नोव्हेंबर १९८३

ती. मंदाबाई हिच्या पायांवर धाकट्या चंद्रकलेचे डोके.

भाऊजींचा खोकला, तुझी कंबर आणि पोरांचे अभ्यास यांची हालहवाल आधी कळव. इकडे सगळे बरे. धान घरात आले. थंडीमुळे सासूबाईंचे गुडघे बोलतात, पण सासूबाई त्यांच्याहून जास्त बोलतात, म्हणजे काळजीचे कारण नाही.

आता मुद्द्यावर येते (येईन म्हणते, माझी सवय तुला ठाऊक आहे). बाई, आम्ही तुझ्या चांद्याला (ह्यांच्या कचेरीत चंद्रपूर म्हणतात) येत आहोत. डिसेंबरचा दुसरा शनिवार आणि त्याला लागून रविवार, असे दोनच दिवस. सौंदडला छोट्या लाइनची गाडी धरायची, चांद्याच्या किल्ल्याचा परकोट बघायचा, जटपुरा दरवाजातून शिरून पठाणपुऱ्याच्या दरवाजाने बाहेर पडायचे, गोंडराजांच्या समाध्या बघायच्या आणि परत. कल्पना आमच्या ह्यांची. कचेरीतले कोणी साहेब बायकोला घेऊन आग्र्याला जाऊन आले, तेव्हापासून ह्यांचे फायलीत लक्ष नाही. मी धान पाखडत होते, तिथे उभे राहून म्हणाले की चांद्यात राणीने राजासाठी समाधी बांधली आहे, तुला दाखवतो. (मी विचारले, राजा आधी काहून गेला? पण मनातून मला फार बरे वाटले.) लग्नाला बावीस वर्षे झाली. आम्ही दोघंच गेलो असे आजवर एकच ठिकाण, थोरल्याचा दाखला काढायला लाखनी. येताना एस.टी.त जाऊबाईंचा भाऊ भेटला आणि साकोलीपर्यंत आमच्या मधोमध बसला.

पण ह्यांनी एक चूक केली. वडीलधाऱ्यांना सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही ही आपल्याकडची रीत, म्हणून भर ओसरीवर आईला सांगितले. सासूबाई (सत्यभामाबाई, पण घरात हे नाव घ्यायची कोणाची छाती नाही) सुपारी कातरत होत्या. त्या थांबल्या.

"चांद्याले जाऊन राहिला, न महाकालीच्या पाया नाही पडणार? मंग जातेस कायले?"

"किल्ला पाहाले, माय."

"किल्ल्यात का ठेवलं आहे? तुह्या जन्माच्या वक्ती म्या देवीले नवस बोलली होती. मीबी येतो."

पंचेचाळीस वर्षे थांबलेली देवी नेमकी आमच्याच शनिवारी घाईला आली. सासूबाई निघाल्या म्हटल्यावर त्यांचे गुडघे धरायला जाऊबाई शकुनबाई निघाल्या. शकुनबाईंना तिकडे पोरीसाठी एक स्थळ बघायचे होते, म्हणून पोरगी निघाली, आणि पोरगी दाखवायची तर बाप हवाच, म्हणून भासरे. ह्यांचे कवडूकाका कोणालाच न विचारता निघाले. कोणी निघाले की ते निघतातच. तुझ्यासाठी नव्या तांदळाचे पोते निघाले. चार दिवसांत आम्ही सातजण आणि एक पोते झालो. हे रोज कचेरीतून येऊन नवा आकडा विचारायचे आणि गुपचूप पाय धुवायचे. मी नुसता पंचा पुढे करायची, बाई. काही बोलायची सोय नव्हती, कारण बोलायलाही दोघंच कधी नसतो.

शेवटी देवीलाच दया आली. बपेऱ्याहून मामासासरे आले. त्यांच्या गावची मंडईची जत्रा त्याच शनिवारी, आणि मंडईला नाटक! आता झाडीपट्टीतला माणूस नवस पुढे ढकलेल, स्थळ पुढे ढकलेल, पण माहेरची मंडई आणि नाटक? मी फक्त एवढेच केले की मामासासऱ्यांना दोनदा चहा दिला आणि पडद्यापासून खलनायकापर्यंत सगळे मोठ्याने विचारले. दुसऱ्या चहाला कवडूकाका फुटले, जेवणापर्यंत सगळे. मी पडेल आवाजात म्हटले की मग आम्हीही चांदा सोडतो (आणि मनात म्हटले, हो म्हणू नका). तर सासूबाई म्हणाल्या, "नोको वो. त्यानं रजा मांडली आहे, जा दोघं. पण उतराचं मंदाच्या घरी. बहीण असताना लॉजमंदी उतराल त लोक का म्हणतीन?"

असा हा निकाल. तेव्हा शनिवारी दुपारी आम्ही पोचतो. भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
चंद्रकला

ता. क. बाई, खरे पत्र इथून पुढे आहे. तू मला आईसारखी आहेस, म्हणूनच तुला सांगायची हिंमत होते. आम्हाला घरी उतरवून घेऊ नकोस. तुझ्याकडे आले की मी तुझ्याबरोबर चुलीशी लसूण सोलत बसेन, हे भाऊजींबरोबर धानाचा भाव बोलत बसतील, आणि रविवार संपेल. घर चुना लावायला काढले आहे, पाय ठेवायला जागा नाही, असे लिही. तुझे पत्र इथे ओसरीवर मोठ्याने वाचले जाईल, तेव्हा सासूबाईंना पटेल असे लिही. रविवारी जेवायला मात्र येऊ. रागावू नकोस ग.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी ह्यांचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात भाऊजींच्या नावाचे आंतरदेशीय पत्र, अजून न चिकटवलेले. मी वाचले. ह्यांनी लिहिले आहे, "साडभाऊ, घरी पाहुणे आहेत असं कळवा, म्हणजे लॉजमध्ये उतरता येईल. आमच्या घरात दहा माणसं. बावीस वर्षांत हिच्याशी निवांत बोललो नाही. हिला काय आवडते तेही मला धड माहीत नाही. विचारायचे आहे." बाई, मी धुण्याच्या दगडावर बसून आधी हसले आणि मग पदर डोळ्यांना लावला. पत्र होते तसे घडी करून त्याच खिशात ठेवले आणि सदरा न धुताच खुंटीला लावला आहे, उद्या ते पेटीत टाकतील. तेव्हा चुना की पाहुणे, ते तुम्ही दोघं मिळून एकच काय ते ठरवा. आणि मी ते वाचले हे ह्यांना कधीही कळू देऊ नकोस. त्यांना मला विचारू दे.