बादलभियाचं काम

तांडा, दिग्रसजवळ
२ जुलै २०२५

ती. बादलभिया आणि सौ. वैष्णवीवहिनी यांना अंजूचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. बापूंचा उजवा हात आता ग्लास धरतो, पेन मात्र धरत नाही. तीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग फिरवलेले बापू दिवसभर रबरी चेंडू दाबत बसतात आणि धनसिंगकाकांना सांगतात की पोळ्याला स्कूटर चालवून दाखवतो. याडी आपल्या नातीसाठी, सलोनीसाठी, कशिद्याची पिशवी शिवते आहे. पाच वर्षांच्या पोरीला एवढे आरसे कायले, असं मी विचारलं, तर दोन तास माझ्याशी बोलली नाही.

पत्र पाहून हसशील. पण ऑफिसच्या लॅपटॉपवर दर दहा मिनिटांनी माझा फोटो निघतो, फोनमध्येही त्यांचंच ॲप बसलेलं आहे, आणि याडीचा फोन फक्त स्पीकरवर चालतो. आपण भाऊ-बहीण आहोत हे तू आपल्या दोघांच्या या कंपनीत सांगितलेलं नाहीस. आडनाव एकच कसं, असं तिथल्या साहेब ओर्ला मॅडमनी विचारलं तेव्हा राठोड हजारो असतात म्हणालास, ते खोटंही नव्हतं. म्हणून पोस्टात गेले. तिथल्या रवीभाऊने आयर्लंड नेमकं कुठे ते विचारून घेतलं आणि मगच पाकीट तोललं.

आता खरी गोष्ट. सोमवारी ओर्ला मॅडमनी मला नवीन काम दिलं. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला दवाखान्यांच्या नोंदणीचा जुना भाग शिकून घ्यायचा, सप्टेंबरअखेर तो पूर्ण माझ्याकडे येणार. सध्या कोण सांभाळतं ते विचारलं, तर एक जुना माणूस आहे, त्याला अजून कळवलेलं नाही, हे कुठे बोलू नकोस, एवढंच म्हणाल्या. मी तो भाग उघडला. प्रोग्रॅम तपासायला जे खोटे पेशंट भरून ठेवले आहेत त्यात पहिली हंसाबाई, वय सत्तर, तक्रार गुडघेदुखी. दुसरा धनसिंग. तिसरा रामधन, दमा. सगळी आपल्याच तांड्यातली माणसं.

भिया, हे तुझं काम आहे. तुझ्या जागेवर मला बसवून राह्यले. मी काय करू ते लवकर कळव. सोबत राखी पाठवते आहे. वहिनीकडून बांधून घे, आणि या बातमीमुळे राखीवर राग धरू नकोस.

तुझी,
अंजू


कॉर्क
१६ जुलै २०२५

चि. अंजूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दुकानाबाहेरच्या बाकावर बसून तीनदा वाचलं. वैष्णवीला अजून सांगितलेलं नाही. ऑफिसात सगळे रोजच्यासारखे हसून बोलतात. ओर्लाने काल माझ्यासाठी कॉफी आणली.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. मागच्या वर्षी कंपनीने मला हिशोब करायला सांगितलं. इथे एक माणूस ठेवला तर काय पडतं, भारतातून घेतला तर काय पडतं. पगार, विमा, सुट्ट्या, खुर्ची-टेबल, सगळं धरून मी तक्ता केला आणि बैठकीत उभा राहून म्हणालो की इथल्या एकाच्या खर्चात तिकडे पाच बसतात. हे वाक्य माझं आहे, अंजू. सगळ्यांनी टेबल वाजवलं. मग कोणी ओळखीचं आहे का असं विचारलं, आणि मी तुझं नाव दिलं. तुझ्या पगाराचा आकडाही मीच सांगितला. पुण्यात तुला जेवढं मिळायचं त्याहून कमी सांगितला, म्हणजे नकार यायला नको. बापूंच्या आजारपणात तू पुणं सोडून घरी बसली होतीस, घरी राहून काम मिळेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. इथला एक म्हणजे मीही, हे लक्षातच आलं नाही.

आमची इथे राहण्याची परवानगी या कंपनीच्या नावाला बांधलेली आहे. डिसेंबरात पाच वर्षं भरतात, मग कायमच्या परवानगीचा अर्ज करता येतो आणि कुठेही नोकरी धरता येते. त्याआधी काम गेलं तर ठरावीक मुदतीत दुसरं शोधा, नाही तर सामान बांधा. म्हणून मागतो, रागावू नकोस. डिसेंबरपर्यंत लांबव. समजत नाही म्हण, लाइट गेली म्हण, काहीही म्हण.

राखी मिळाली. सलोनीने सणाआधीच बांधली, गाठ बसली नाही म्हणून रडली.

तुझा,
बादल


तांडा
२० ऑगस्ट २०२५

ती. भियास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी तीन आठवडे लिहिलं नाही. लिहिलं असतं तर फाडावंच लागलं असतं.

तू माझा आकडा सांगितलास याचा राग आहे. मला विचारलं असतंस तरी मी तेवढ्यावर हो म्हटलंच असतं, म्हणून तर राग जास्त आहे. दीड वाजता खोलीचं दार लावते ते रात्री दहाला उघडते. जागेवरून उठले की फोटोत रिकामी खुर्ची येते आणि तेवढा वेळ कापतात. परवा तीजेच्या सणाच्या टोपल्या पाण्यात बोळवायच्या होत्या. नऊ दिवस गव्हाच्या रोपांना पाणी घातलं ते मी सकाळीच, पण नाच संध्याकाळी असतो. पोरी आमच्या दारासमोरून गाणी म्हणत गेल्या. माझी टोपली चुलतबहिणीने डोक्यावर घेतली. याडी खिडकीशी येऊन उभी राहिली, मी खिडकी लावून घेतली, कारण आवाज मीटिंगमध्ये जात होता. लग्नाआधीची ही शेवटची तीज असेल असं याडी म्हणते. ते ती तीन वर्षांपासून म्हणते, पण तरी.

तू सांगितलंस तसं लांबवलं. लाइट गेली म्हणाले, ती खरोखरच दोनदा गेली. समजलं नाही म्हणाले. मग त्यांनी माझं काम तपासायला दुसऱ्या कुठल्या तरी देशातला एक माणूस नेमला. तो माझ्याहून स्वस्त आहे, हे त्यानेच मला भोळेपणाने सांगितलं. त्याने दोन दिवसांत अहवाल दिला की काम अवघड नाही, अंजू राठोड मुद्दाम हळू करते. ओर्ला मॅडमनी मला एक महिना दिला आहे. नाही जमलं तर हे काम त्याच्याकडे जाईल, आणि मीही घरी.

म्हणजे मी केलं तरी तू जातोस. नाही केलं तर तू जातोस आणि मीही जाते. बापूंच्या व्यायामवाल्या डॉक्टरांकडे यवतमाळला दर आठवड्याला जायचं असतं, ते माझ्याच पगारात होतं. मला यातून वाट दिसत नाही. तुला दिसत असली तर सांग, मी करीन.

अंजू


कॉर्क
८ सप्टेंबर २०२५

चि. अंजूस आशीर्वाद.

वाट नाही. काम शिकून घे, नीट शिक. मी तुला लांबवायला सांगायला नको होतं. माझ्या भीतीचं ओझं मी तुझ्या अंगावर टाकलं.

त्यांनी मला चार तारखेला सांगितलं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा माझा शेवटचा. त्यात दररोज दोन तास नवीन माणसाला काम समजावून द्यायचं आहे. नवीन माणसाचं नाव वाचताना ओर्लाने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास उचलला. नातं आता सांगितलं तर पहिली तू जाशील, म्हणून गप्प राहिलो. तूही राहा. वैष्णवीला सांगितलं. ती रडली नाही, दुसऱ्या दिवसापासून माझे अर्ज भरू लागली.

बादल


तांडा
१२ ऑक्टोबर २०२५

ती. भियास सा. न. वि. वि.

तो आठवडा संपला. रोज पडद्यावर तू समोर होतास, तरी आपला एक शब्द बोलता आला नाही, म्हणून आज लिहिते.

पहिल्या दिवशी तू 'गुड मॉर्निंग, मिस राठोड' म्हणालास तेव्हा मला हसू फुटलं असतं, पण तुझा चेहरा पाहिला. केवढा उतरलास रे. शर्टाची कॉलर सैल झाली आहे. मग तू शिकवायला लागलास, तसंच, दहावीत मला गणित शिकवायचास तसं. एक पायरी सांगायची, थांबायचं, माझ्याकडून वदवून घ्यायची. पडद्यावरच्या बाजूच्या चौकोनात बसलेल्या ओर्ला मॅडम म्हणाल्याही, की तुम्ही फार चांगले शिक्षक आहात. तू थँक यू म्हणालास.

बापू पलीकडच्या खोलीत पडलेले असतात. पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीतून तुझा आवाज ओळखला. मी बाहेर आले तर डोळे भरलेले. 'दोघं भाऊ-बहीण एकत्र काम करून राह्यले,' म्हणाले. तांडाभर सांगून आले, काठी टेकत, पार तांडाप्रमुख नायकाच्या घरापर्यंत.

गुरुवारी याडी चहा घेऊन आत आली. मी कडी लावायला विसरले होते. तिने पडद्यावर तुला पाहिलं आणि माझ्या मागे तशीच उभी राहिली. तुलाही ती दिसली, मला माहीत आहे, कारण तू एका शब्दावर अडलास. माझा माइक बंद होता. याडी म्हणाली, 'बादल, जेवला का रे बापा?' तू डेटा रोज कुठे साठवायचा ते सांगत होतास. तू सांगत राहिलास. याडीने थोडा वेळ वाट पाहिली, कप ठेवला आणि गेली. बाहेर बापूंना म्हणाली की पोरगा कामात आहे, ऐकू आलं नाही त्याला.

शुक्रवारी शेवटी ओर्ला मॅडमनी विचारलं, काही शंका राहिली का. मी नाही म्हणाले. तू म्हणालास की मिस राठोड हे काम माझ्याहून चांगलं सांभाळतील. आणि पडदा बंद झाला. फोटो निघायचा म्हणून मी तिथेच बसून राहिले, डोळेही पुसले नाहीत.

मी नोकरी सोडते, भिया. तू फक्त सांग.

अंजू


कॉर्क
३० ऑक्टोबर २०२५

चि. अंजूस आशीर्वाद.

सोडू नकोस. तुझ्या सोडण्याने माझं काही परत येत नाही, आणि बापूंचा हात मध्येच राहील. हे मी मोठा भाऊ म्हणून सांगतो, ऐक.

चाळीस अर्ज झाले. तीन ठिकाणांहून बोलावणं आलं. तिघांनीही शेवटी तेच सांगितलं, की आम्हीही आता तिकडूनच माणसं घेतो. एकाने मला तिकडे जाऊन काम कराल का असंही विचारलं, तुझ्याएवढ्याच आकड्यावर. मुदत आहे, पण घरभाडं मुदत पाहत नाही. डिसेंबरात आम्ही परत येतो आहोत. सलोनीला आजीकडे जायचं एवढंच सांगितलं. तिने मैत्रिणींना सांगितलं आहे की जानेवारीत परत येईन.

जेवलो होतो, असं याडीला सांग.

बादल


तांडा
२० नोव्हेंबर २०२५

ती. भियास सा. न. वि. वि.

तुम्ही येता हे कळल्यापासून याडीचे पाय जमिनीवर नाहीत. घर सारवलं, सलोनीसाठी बकरीचं पिल्लू आणलं. माझ्या मुलाला परदेश मानवला नाही, घराची ओढ लागली, असं ती सगळ्यांना सांगते. बापूंनी मात्र परवा मला जवळ बसवलं. म्हणाले, 'त्या आठवड्यात त्याचा आवाज सुटी मागणाऱ्या माणसासारखा येत होता. त्याची गाडी तुले देली का?' मी हो म्हणाले. ते बराच वेळ चेंडू दाबत राहिले. मग म्हणाले, तुझ्या आईले नको सांगू, तिले खुश राहू दे.

आता तुला सांगायलाच हवी अशी गोष्ट. मंगळवारी ओर्ला मॅडमनी मला विचारलं, तुझ्या गावाकडे आणखी कोणी आहे का, हे काम येणारं, तुझ्याच आकड्यावर. मागच्या माणसाच्या तोडीचा असला तर उत्तम. मला आधी तूच आठवलास. तू डिसेंबरात इथे असशील. त्या कामाचं तुझ्याएवढं कोणाला माहीत नाही. एक शब्द टाकला असता तर तुला घरी बसून काम मिळालं असतं, शेजारच्या टेबलावर. दर दहा मिनिटांनी तुझाही फोटो निघाला असता. तू जिथे पाच वर्षं नावाने ओळखला जात होतास, तिथेच एका पंचमांशावर.

मी त्यांना सांगितलं, इकडे असं कोणी नाही.

तुला न विचारता तुझी पोळी मी बाजूला सारली. उद्या तू इथे रिकामा बसलास तर तो दोष माझा. बरोबर केलं की चूक, मला खरंच कळत नाही.

अंजू


कॉर्क
४ डिसेंबर २०२५

चि. अंजूस,

तुझं पत्र आलं तेव्हा घरात फक्त दोन खुर्च्या उरल्या होत्या. बाकी सगळं विकलं. एका खुर्चीवर बसून वाचलं, वैष्णवीने दुसरीवर बसून.

आम्ही बावीसला मुंबईत उतरतो, तेवीसला संध्याकाळपर्यंत दिग्रस. स्टँडवर तू येऊ नकोस, तुझी ड्युटी असेल. आम्ही दारापाशी आलो तरी उठू नकोस. दहा वाजता दार उघडशील तेव्हा भेटू.

पुढे काय करणार ते मला माहीत नाही. पण तू जे केलंस त्याबद्दल एवढंच लिहितो. मला विचारलं असतंस, तर मी हो म्हटलं असतं. म्हणून बरं केलंस, विचारलं नाहीस.

याडी-बापूंना नमस्कार, तुझ्यावर होती तेवढीच माया आहे, तीत उणं झालेलं नाही.

तुझा भिया,
बादल