होळीला दिलेली गव्हाणीची फळी

शिवाजी पेठ, कोल्हापूर

आजऱ्याचे व्याही मल्लाप्पाआण्णा यांना चन्नवीरचा शरणार्थ.

इकडे सगळे बरे आहोत, म्हणजे बीपीची गोळी घेऊन माणूस जेवढा बरा असतो तेवढा मीही आहे. विहीणबाईंचा गुडघा काय म्हणतो? तांबडी गाय दूध देते ना? (गाईची चौकशी का, ते खाली येईलच.) फोन केला असता, पण मला फोन सूनबाई रक्षिताच लावून देते आणि ही गोष्ट तुमच्या लेकीच्या कानावर जायला नको. म्हणून काजूच्या टेम्पोवाल्याकडे पत्र देतो. शाळा चौथीपर्यंतच झाली, चुका सांभाळून घ्या.

दिवाळीत तुमच्या गोठ्यातल्या गव्हाणीची फळी रक्षिता घेऊन आली, तेव्हा मला वाटलं बंबात घालायला आणली असेल. तर तिने ती फळी आणि मोडक्या खोक्यांच्या पट्ट्या जोडून भिंतीवर लावायचं शेल्फ केलं. गाईने मान घासून घासून जिथे खोलगट केलं आहे तिथे रंधा मारून देऊ का, असं मी विचारलं. "मामा, हात लावू नका. त्या खड्ड्यासाठीच तर माणसं घेत्यात," म्हणाली. खिळ्यांची भोकंही बुजवू दिली नाहीत. आण्णा, हे मला अजून उलगडलेलं नाही. मी तासभर त्या खड्ड्यावरून हात फिरवत बसलो. (हाताला बरं वाटतं, हे खरं.) वास घेतला, तर पेंडीचा वास अजून येतो. गाय मान उजवी घासते की डावी? आणि घेणारी माणसं त्यावर काय ठेवणार, देव की टीव्ही? काही कळलं तर कळवा.

हे शेल्फ म्हणजे तिची पहिली ऑर्डर. कसबा बावड्यातल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत रविवारी आहे, तिथे ते पोचवायचं. काल कामाला जाताना म्हणाली, "तेल लावून दारात उन्हाला ठेवलंय. लक्ष ठेवा." शेजारी उरलेल्या पट्ट्यांचा ढीग होता. तेवढ्यात तालमीच्या फुटबॉल संघातली पोरं होळीचं लाकूड मागत आली. होळीला नाही म्हणून कसं चालेल? मी म्हटलं, मोडकं तेवढं न्या, चांगल्याला हात लावू नका. त्यातला विश्वजित म्हणतो, "आजोबा, ह्यातलं मोडकं कुठलं?" मला राग आला. म्हटलं, "डोळं हाईत का बटणं? खड्डा पडलाय, भोकं पडल्यात, ते मोडकं."

नेलं की. आणि मी सरळ, स्वच्छ पट्ट्या उचलून आत आणल्या, पुसल्या, वर फडकं घातलं.

फडकं उघडून एकदा बघावं म्हणून बघितलं, तर आत नुसत्या सुट्या पट्ट्या; शेल्फच मी होळीला दिलं होतं. चौकात गेलो, तर शेल्फ होळीच्या ढिगात बाभळीच्या बुंध्याला टेकून उभं. पण होळीला दिलेलं परत कसं मागायचं? आणि कोणत्या तोंडाने? पोरांनी विचारूनच नेलं होतं. घरी रक्षिताला सांगितलं, माडीवर वाळत ठेवलंय. तेव्हापासून ती जिन्याकडे वळली की मला खोकला येतो.

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचा व्याही,
चन्नवीर

ता. क. पत्र लिहायचं कारण राहिलं. गव्हाणीची दुसरी फळी याच टेम्पोतून पाठवा. खड्डा कमी असेल तर निघेपर्यंत गाय तिथेच बांधून ठेवा.

पुन्हा ता. क. टेम्पो आज गेला नाही, आणि रक्षिताला सगळं कळलं. शेल्फ जळलं नाही. पोरांनी ते आधीच ढिगातून काढलं आणि तालमीच्या भिंतीवर लावून फुटबॉलचे कप मांडलेत. ती मागायला गेली तर विश्वजित म्हणाला, "वैनी, आजोबांनी सोत्ताच्या हातानं दिलंय. उलट ढालीसाठी आणखी एक करून द्या की." ती माझ्याशी बोलत नव्हती, पण हे सांगताना हसली. तेव्हा आता लपवाछपवी नको, पण फळ्या दोन लागतील, एक बावड्याला, एक तालमीला, म्हणजे गव्हाण पुरती मोडावी लागेल. गाईची काळजी नको. कपाटासाठी आणलेली सनमायकाची कोरी फळी आहे, चकचकीत, ती गव्हाणीसाठी पाठवतो. ती घरात कुठेही ठेवली तरी रक्षिताला पटत नाही. गाईने मान घासून जरा खराब केली की परत मागवून घेऊ.